अप्पांनी हात न लावलेला नंबर

माझ्या सासऱ्यांच्या गाडीचा चासी नंबर मी ग्राइंडरने घासून साफ केला. तोही पासिंगच्या आदल्या दिवशी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भरीस घातलं नव्हतं. गंज दिसला, हातात ग्राइंडर होता, बाकी सगळं कर्तृत्व माझं.

गाड्यांमधलं ज्यांना माझ्याइतकंच कळतं त्यांच्यासाठी सांगतो. गाडीचा जो लोखंडी सांगाडा असतो, म्हणजे चासी, त्यावर कंपनीने एक नंबर ठोकलेला असतो. पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, गाडी नेली की इन्स्पेक्टर त्या नंबरावर कागद धरतात आणि वरून पेन्सिल घासतात, लहानपणी आपण नाण्यावर घासायचो तशी. आकडे कागदावर उमटतात. ते सरकारदरबारी नोंदलेल्या आकड्यांशी जुळले की गाडी तुमची. नाही जुळले तर गाडी कुणाची, हे पोलीस विचारतात. आणि आकडे उमटलेच नाहीत तर पोलीस तेही विचारत नाहीत, कारण उत्तर त्यांनी मनात धरलेलं असतं.

त्यातून ही गाडी अप्पांची. अप्पा दळवींनी ती डोंबिवलीला, सोसायटीच्या आवारात, शेवग्याच्या झाडाखाली स्वतःच्या हाताने उभी केलेली. पत्रा त्यांनी कापलेला, वायरिंग त्यांनी ओढलेलं, सीटची शिलाईसुद्धा त्यांनी माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शिलाई मशीनवर मारलेली. त्यानंतर त्या मशीनवर कुणी काही शिवलं नाही. इंजिन जुनं होतं, पण त्याचाही एकेक भाग सुटा करून, धुऊन, पुसून त्यांनी परत जोडलेला. त्या आख्ख्या गाडीत अप्पांनी हात न लावलेली एकच गोष्ट होती, तो नंबर. तिला मी हात लावला.

अप्पांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या बुटांमार्फत. लग्नाच्या आधी मी सीमाला घरी सोडायला गेलेलो. आवारात जीपचा नुसता सांगाडा उभा होता आणि त्याच्या खालून दोन पाय बाहेर आलेले.

"अप्पा, हा मिलिंद," सीमा त्या पायांना म्हणाली.

खालून आवाज आला, "मला भेटायला घाबरलात का?"

"नाही, अजिबात नाही," मी म्हणालो. मला वाटलं धीटपणाला मार्क असतात.

बूट जरासे हलले. मग म्हणाले, "बरं. वर जाऊन चहा घ्या."

त्यांचं मत सीमाने नंतर मला जसंच्या तसं ऐकवलं. "मुलगा बरा आहे. पण भीत नाही. लक्ष ठेवावं लागेल."

अप्पा स्वतः सगळ्याला भ्यायचे, आणि त्याची त्यांना लाज नव्हती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य देखभाल विभागात गेलं. ज्या पाइपातून काय वाहतंय हे कळलं तर माणूस रात्रीचा जेवणार नाही, असे पाइप त्यांच्या ताब्यात होते. निवृत्त होताना बाकीच्यांनी घड्याळ आणि शाल घरी आणली. अप्पांनी ती भीती आणली. गाडीत बसण्याआधी ते प्रत्येक वेळी, म्हणजे कोपऱ्यावर दळण टाकायला जायचं असलं तरी, जुनी सतरंजी अंथरून गाडीखाली आडवे व्हायचे. मग उठून चारी चाकांच्या प्रत्येक नटाला बोट लावायचे. दाबायचे नाहीत, फिरवायचे नाहीत, नुसतं बोट लावायचे. सोसायटीतली पोरं हसायची. शेजारचे पाटील म्हणायचे, "अप्पा, गाडी चालवताय का गाडीला नमस्कार करताय?"

"यंत्र बनवणाऱ्यानं भ्यायलाच पाहिजे, पाटील," अप्पा सांगायचे. "ज्याला भीती नको त्यानं शोरूममधून घ्यावी. मग भ्यायचं काम कंपनी करते."

"बघून घेतलं का?" हा त्यांचा दुसरा मंत्र. गॅस बंद केल्यावर, कुलूप लावल्यावर, भाजी निवडल्यावर, सगळीकडे तोच. आमच्या लग्नात भटजी "शुभमंगल" म्हणायच्या बेतात असताना अप्पा सीमाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बघून घेतलंस ना?" अंतरपाटाच्या अलीकडून मला ते स्वच्छ ऐकू आलं.

त्यांची सगळ्यात मोठी भीती मात्र यंत्राची नव्हती, सरकारची होती. आपल्याकडे घरी बनवलेली गाडी अशीच्या अशी नोंदवता येत नाही. तुम्ही कितीही चांगली बनवा, कागदावर ती भंगारच. म्हणून अप्पांनी आधी लिलावातून एक मेलेली जीप घेतली, जिच्यात धड काही नव्हतं पण कागद जिवंत होते आणि चासीवर नंबर होता. त्या सांगाड्यावर त्यांनी बाकीची गाडी चढवली. इंजिन बदलायचं तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, आणि तेही आरटीओची परवानगी आधी काढून. दरवाजाची बिजागरी बदलायची तरी हा माणूस कल्याणला जाऊन खिडकीवर विचारून यायचा. खिडकीतल्या माणसाने एकदा हात जोडले. "काका, बिजागरीला परवानगी लागत नाही."

"तसं लिहून द्याल का?" अप्पांनी विचारलं.

मी एकदा त्यांना म्हणालो, "अप्पा, एवढं विचारत बसलात तर गाडी कधी व्हायची?"

"मिलिंदराव, सरकारला आधी विचारलं की त्याला अर्ज म्हणतात. नंतर विचारलं की त्याला जबानी म्हणतात."

मी विमा कंपनीत काम करतो, पण माणसांच्या विम्यात. माणसांना चासी नंबर नसतो. माझ्या अज्ञानाचं एवढंच समर्थन माझ्याकडे आहे.

गाडी तयार झाल्यावर पहिल्यांदा पीयूसी काढायला आम्ही दोघं गेलो, तो दिवस मला आठवतो. कल्याण-शीळ रस्त्यावर एका पेट्रोल पंपाच्या कडेला धूर तपासणाऱ्याची व्हॅन उभी असायची. डिझेल गाडीचा धूर तपासायचा तर सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि ड्रायव्हरला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगतात, एकदम, पुन्हा पुन्हा. अप्पांनी ते इंजिन कधी निम्म्याच्या वर नेलं नव्हतं. पायच दाबवेना त्यांच्याकडून. शेवटी मला बसवलं आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे, पण बरेच लांब, हातात पांढरा रुमाल घेऊन उभे राहिले.

"दाबा," व्हॅनवाला म्हणाला.

मी दाबला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला दाबायला सांगितलेलं, मग कसर कशाला ठेवा. इंजिन किंचाळलं, बॉनेट थरथरायला लागलं, मागे काळा ढग उठला आणि त्या ढगातून अप्पांचा आवाज आला, "पाय काढा, मिलिंदराव, पाय काढा." मी काढला. ढग विरला तेव्हा अप्पा डोळे गच्च मिटून, दोन्ही कानांवर हात ठेवून उभे होते आणि रुमाल त्यांच्या डोक्यावर होता. तो तिथे कसा गेला ते त्यांनाही सांगता आलं नाही.

गाडी नापास झाली. मला वाईट वाटलं. अप्पा मात्र हायसं वाटल्यासारखे दिसले. "बरं झालं. इतका काळा धूर सोडून पास झाली असती तर मी त्याच्या मशीनवर संशय घेतला असता." मग डिझेल फवारणारे नोझल काढून, तपासून आणून, परत बसवून त्यांनी गाडी पुन्हा नेली. या वेळी रुमाल सायलेन्सरसमोर धरला, त्याच्यावर फिकट राखाडी डाग पडला. ते प्रमाणपत्र त्यांनी फाइलला लावलं आणि तो रुमाल घडी करून कपाटात, माईंच्या लग्नातल्या शालूशेजारी ठेवला. माईंनी तो दोनदा धुवायला काढला आणि दोन्ही वेळा घरात भांडण झालं.

तर अशा माणसाच्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर ती पुन्हा नेऊन दाखवावी लागते. इन्स्पेक्टर तपासतात, पेन्सिल घासतात, मग ती पुढची काही वर्षं रस्त्यावर राहते. नाहीतर भंगारात. अप्पांची नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी गाडीखाली आडवं व्हायला बंदी केलेली. एवढी एक नोंदणी झाली की गाडी सीमाच्या नावावर करायची, हे त्यांनी ठरवलेलं. "तिला गाडी येते, आणि ती भिते," असं ते म्हणायचे. मुलीविषयी याहून मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

पासिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी मदतीला म्हणून ठाण्यातल्या कोलशेतच्या आमच्या घरून डोंबिवलीला गेलो. अप्पा वर झोपलेले. काम मला एवढंच सांगितलेलं की गाडी पुसून ठेवायची. पुसून झाली. पण उत्साह उरला होता. पुढच्या उजव्या चाकामागे, चासीच्या दांडीवर, जुन्या ग्रीसखाली गंजाचा एक ओबडधोबड पट्टा दिसला. इतक्या देखण्या गाडीला हा एवढाच डाग. अप्पांच्या पेटीत ग्राइंडर होता. चकती लावली आणि तो पट्टा असा चमकवला की त्यात मला माझं तोंड दिसलं. आता वाटतं, त्या तोंडाकडे तेव्हाच जरा नीट पाहायला हवं होतं. मी त्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अप्पांना सरप्राइज."

ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला नाही. जिन्यावर चपलांचा आवाज आला. अप्पा बनियनवर, चष्मा न लावता खाली आले. ते हळूहळू वाकले, डॉक्टरांनी मना केलेलं असताना वाकले, आणि त्या चमकत्या जागेवर बोट ठेवलं. नटांना लावायचे तसंच.

"इथं काय होतं, मिलिंदराव?"

"गंज होता, अप्पा."

"त्याच्या खाली?"

मी पुन्हा त्या चमकत्या जागेकडे पाहिलं. मला अजून कळलं नव्हतं. 

"नंबर होता," अप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा. मग बॉनेटला धरून ते सरळ झाले. तो आवाज मी विसरलेलो नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत मला पूर्ण समजलं होतं की मी काय केलंय. मी भीतीने अर्धा झालो. माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक चित्रं यायला लागली: गाडी भंगारात चेपली जातेय, अप्पांना पोलीस नेतायत, अप्पांचं हृदय. मी ओळखीच्या एका आरटीओ एजंटला फोन लावला. तो अजिबात दचकला नाही. "टेन्शन कशाला घेता साहेब? कल्याणला आपला माणूस आहे. आकड्यांचे छाप आहेत त्याच्याकडे. अर्ध्या तासात नंबर ठोकून देतो. वरून थोडा गंज चढवतो, कुणाचा बाप ओळखणार नाही."

मी हे अप्पांना अगदी आनंदाने सांगितलं. सुटका झाल्यासारखं वाटत होतं. अप्पा पलंगावर बसलेले, माई शेजारी. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"गाडी चोरून आणणारा काय करतो, मिलिंदराव?"

"काय करतो?"

"आधी नंबर घासतो. ते तुम्ही केलंत. मग दुसरा ठोकतो. तेवढं बाकी आहे, ते आपण दोघं मिळून करू म्हणता?"

माई म्हणाल्या, "अहो, पण नंबर तोच ना ठोकायचा? आपला तर आहे."

"तोच ठोकला तरी आपण ठोकला ना. इतकी वर्षं मी त्या खिडकीवर बिजागरीचं विचारलं, माई. आता हेच एक न विचारता करू?" मग जरा थांबून म्हणाले, "मला फार भीती वाटतेय. पण त्या छापवाल्याची जास्त वाटतेय. उद्या ठरल्या वेळेला जाऊ. आणि सांगू."

सकाळी निघालो. अप्पांना गाडीखाली वाकायची बंदी, म्हणून सतरंजीवर मी आडवा झालो आणि ते वरून विचारत राहिले, "ते बघितलंत? त्याच्या मागचं?" चालवायला सीमा, शेजारी अप्पा, मागे मी.  कल्याणच्या पत्रीपुलाजवळ वाहतूक पोलिसाने हात केला.  मला वाटलं, एजंटने सांगितलं, किंवा ग्रुपवरचा फोटो कुणीतरी पुढे पाठवला.

पोलीस गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "कुठनं घेतली?"

"बनवली," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चिरका निघाला.

"बनवली? स्वतः?" त्याने कागद पाहिले, पीयूसी पाहिली, सीमाचं लायसन्स पाहिलं. मग मोबाइल माझ्या हातात दिला. "जरा फोटो काढा ना माझा, गाडीबरोबर." मी काढला. तीनदा हलला, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या, मॅडमना द्या."

आरटीओच्या मैदानात गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर एक बाई होत्या, खाकी गणवेशातल्या, केसांना घट्ट अंबाडा, हातात टॉर्च आणि कानावर पेन्सिल. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत होते. आमची पाळी आली तशी अप्पा पुढे झाले. ते काय बोलणार ते त्यांनी वाटेत पाठ केलेलं असणार, कारण ओठ सारखे हलत होते. पण ऐन वेळी सगळं विसरले.

"मॅडम, चासी नंबर नाहीये," एवढंच म्हणाले.

"नाहीये म्हणजे?"

"काल होता."

मॅडमनी टॉर्च लावून खाली पाहिलं. त्या चकचकीत पट्ट्यावर कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. कागद वर काढला तर नुसता करडा डाग. त्या डागाकडे आम्ही सगळे बघत राहिलो. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा मान लांब करून बघायला लागला.

"कुणी केलं हे?"

"गाडी माझी आहे. जबाबदारी माझी," अप्पा म्हणाले.

"ते नाही विचारलं. ग्राइंडर कुणी मारला?"

 गप्प राहिलो असतो तर अप्पांनी माझं नाव घेतलं नसतं, हे मला पक्कं कळत होतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मी तसाच गप्प राहिलो. मग सीमाने मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"मी," मी म्हणालो.

"का?"

"चांगलं दिसावं म्हणून."

मॅडमनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, जसं गाड्यांना बघत होत्या तसं. "काय करता तुम्ही?"

"विम्यात आहे."

"गाड्यांच्या?"

"नाही. माणसांच्या."

"बरंय," त्या म्हणाल्या, आणि मग अप्पांकडे वळल्या. "काका, गाडी इथेच राहील. पोलिसांकडून चौकशी होईल. चोरीची नाही हे कळेपर्यंत आणि मूळ नंबर सिद्ध होईपर्यंत मला काही करता येणार नाही. नाही सिद्ध झाला तर ही गाडी रस्त्यावर येणार नाही. समजून घ्या."

"समजलं," अप्पा म्हणाले. त्यांनी चाकामागे दगड लावला. मग प्रत्येक चाकापाशी जाऊन एकेका नटाला बोट लावलं, आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. रिक्षात ते एकदाच बोलले. "उघड्यावर आहे. सीटवर काही टाकायला हवं होतं."

नंतरचे दिवस वाईट गेले. हवालदार घरी येऊन जबाब घेऊन गेला. पाटलांनी खाली त्याला अडवून अप्पांविषयी इतकं चांगलं सांगितलं की तो संशयाने पुन्हा वर आला. अप्पा बोलायचे कमी, जेवायचे कमी. दाराची बेल वाजली की छातीवर हात ठेवायचे. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट डोंबिवलीला जायचो, त्यांच्यासमोर बसायचो, आणि दोघं मिळून भ्यायचो. एकदा ते म्हणाले, "तुमच्या गाडीला कधी भ्यालात का हो, मिलिंदराव?" माझ्याकडे साधी स्कूटर होती. मी म्हणालो, नाही. "तुमच्यावर चिडलो नाही मी," ते म्हणाले. "तुम्हाला तो गंज नुसता दिसला. भ्यालेला माणूस दिसण्यावर जात नाही, तो आधी हात लावून बघतो खाली काय आहे ते."

पोलिसांकडून गाडी चोरीची नाही असा शेरा आला. आता नंबर. त्यासाठी प्रयोगशाळेतले एक तज्ज्ञ आरटीओच्या मैदानात गाडीपाशी आले. लोखंडावर आकडे ठोकले की त्यांचा मार खालच्या थरापर्यंत जातो, असं त्यांनी समजावलं. वरचं घासलं गेलं तरी खालचं लोखंड तो मार विसरत नाही. द्रव लावला की तेवढा भाग वेगळा दिसतो. "पण फार खोल घासलं असेल तर नाही येत," असंही म्हणाले, आणि मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

ते कापसाच्या बोळ्याने द्रव लावत राहिले. पुसायचे, परत लावायचे. काही दिसेना. उन्हात आम्ही सगळे त्या हातभर लोखंडावर वाकून उभे. अप्पांनी माझं मनगट धरलेलं. त्यांना ते कळलेलं नव्हतं बहुतेक. मला नंबर पाठ होता, त्या दिवसांत तो मी जपासारखा म्हटलेला, आणि मी लोखंडावर डोळे लावून तोच मनात म्हणत होतो. मग त्या करड्या चमकीत, पाण्याखालून काहीतरी वर यावं तशी एक रेघ दिसली. वाकडी झाली. त्याचा आकडा झाला. शेजारी दुसरा.

"हा तीन की आठ?" तज्ज्ञ स्वतःशीच म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"तुम्ही बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा बोळा फिरला. अप्पांची बोटं माझ्या मनगटात रुतली. ते डोळे मिटून उभे होते, पीयूसीच्या वेळी होते तसे. तज्ज्ञांनी भिंग धरलं, बराच वेळ धरलं. "तीन," ते म्हणाले, आणि मॅडमनी नोंदीतला आकडा बघून मान हलवली.

फोटो निघाले, कारण ते आकडे फार वेळ टिकत नाहीत. यथावकाश परवानगी आली आणि मॅडमच्या देखत, रीतसर, तोच नंबर पुन्हा ठोकला गेला. प्रत्येक घावाला अप्पा दचकत होते. शेवटचा आकडा झाल्यावर मॅडमनी कागद धरला, पेन्सिल घासली आणि तो ठसा अप्पांना दाखवला. अप्पांनी खिशातला रुमाल काढून डोळ्यांना लावला. तोच राखाडी डागाचा रुमाल. तो बरोबर आणलाय हे माईंनासुद्धा ठाऊक नव्हतं.

नोंदणी पुढे वाढली, गाडी घरी आली. मला त्यांनी शिक्षा एकच केली. त्यानंतर मी गाडीच्या जवळपास गेलो की ते म्हणायचे, "मिलिंदराव, हात खिशात." मी घालायचो. पाहुण्यांसमोरसुद्धा घालायचो. पाटलांना वाटायचं जावई फार ऐटीत उभा राहतो.

पुढच्याच वर्षी अप्पा गेले. दुपारी दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. स्ट्रेचरचं एक चाक करकरत होतं. ते आत ढकलणाऱ्याला अप्पांनी विचारलं, "चाक बघून घेतलं का?" तो म्हणाला, "हो बाबा, झोपा." अप्पांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि त्या चाकाच्या नटाला बोट लावलं. घट्ट होता. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी डोकं मागे टेकलं. मला घाबरलेलं बघून त्यांना बरं वाटलं असावं, असं मला वाटतं. ते परत बाहेर आले नाहीत.

गाडी सीमाच्या नावावर करायचं राहून गेलेलं, त्यासाठी आम्ही कल्याणला गेलो. निघताना सीमा सतरंजीवर आडवी झाली, उठली, नटांना बोटं लावली आणि न बोलता गाडी चालू केली. तिथे मॅडम त्याच होत्या. अप्पा गेल्याचं कळलं तेव्हा त्या क्षणभर कागद खाली ठेवून बसल्या. "काका बिजागरीची परवानगी मागायचे, ऐकलंय मी," म्हणाल्या. मग उठल्या, कानावरची पेन्सिल काढली आणि गाडीकडे आल्या. चाकामागे वाकणार तेवढ्यात मी दिसलो. मी बॉनेटपाशी, दोन्ही हात खिशात घालून उभा होतो.

"हे तेच जावई का?" त्यांनी सीमाला विचारलं.

"तेच," सीमा म्हणाली.

मॅडम शिपायाकडे वळल्या. "माझा ठसा घेऊन होईपर्यंत यांना गेटच्या बाहेर उभं करा."